आत्याचा शब्द आणि कॉलेजचा सर्व्हर

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरचाच गोड मानून घे. हल्ली खुर्चीतून उठायचं म्हटलं तरी पाठ आधी विचार करते आणि मग परवानगी देते. आठही अंगं खरोखर जमिनीला टेकवली तर उठवायला शेजारचे बोलवावे लागतील.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांनाच दोन गोष्टी शिकवून परत आलीस? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालत जा. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. म्हणजे ही ठीक आहे, बाबा ठीक आहेत, आणि मी चालता-बोलता आहे.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो आत्या' म्हणतो ही आपल्याकडची जुनी वहिवाट, आणि या वेळी मला बोलायचं आहे. शिवाय गेले काही महिने फोन वाजला की मला तो कॉलेजातल्या तक्रारीचाच वाटतो. परवा घरचा फोन उचलून मी सवयीने म्हणालो, 'एकदा बंद करून परत चालू करून बघितलंत का?' पलीकडे सासूबाई होत्या आणि त्या सासऱ्यांच्या तब्येतीबद्दल सांगत होत्या.

कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या भांडारात मी किती सुखात होतो हे तुला माहीत आहे. परीक्षानळी फुटली की फुटली असं लिहायचं आणि नवी द्यायची. काच ही फुटायचीच, याबद्दल कोणाचं दुमत नसतं, त्यामुळे कोणी कोणावर ओरडत नाही. तिथून मी उठलो तो एका प्रिंटरपायी. ऑफिसातला प्रिंटर अडला होता, त्यात अडकलेली कागदाची चिंधी मी चिमट्याने ओढून काढली, आणि त्या दिवसापासून 'त्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी माझी ख्याती पसरली. (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.) पुढे आमचा सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ दुसरीकडे बरी नोकरी मिळाली म्हणून निघून गेले. जाताना त्यांनी माझ्या हातात एक किल्ली आणि वायरींनी भरलेलं खोकं ठेवलं आणि म्हणाले, 'बाकी सगळं सर्व्हरमध्येच आहे.' ते खरंच आहे. समुद्रातही सगळं आहे.

मग प्राचार्यांनी मला बोलावलं. ते शाळेत तुझे विद्यार्थी होते, त्यामुळे तुझं नाव निघालं की अजूनही खुर्चीत ताठ बसतात. म्हणाले, 'बाईंचा फोन आला होता तुमच्याबद्दल,' आणि असे काही हसले की पुढचं मी समजून गेलो. आत्याने शब्द टाकला! आता आत्याने टाकलेला शब्द भाच्याने खाली पडू द्यायचा नसतो, एवढं तूच आम्हाला शिकवलंस. तरी धीर करून मी म्हणालो, 'सर, खरं सांगतो, मला यातलं ओ की ठो कळत नाही.' त्यावर ते टेबलावर हात आपटून म्हणाले, 'याला म्हणतात बाईंचे संस्कार!' आणि कागदावर सही करून मोकळे झाले. संध्याकाळी बाबांनी आभार मानायला तुला फोन केला तर तू म्हणे नुसतं 'हं' म्हणालीस. तुझा हा मोठेपणा आम्हाला नवा नाही.

तर हे काम म्हणजे काय ते सांगतो. आमच्या सर्व्हरमध्ये एक डिरेक्टरी असते. कुठल्याही कार्यात तू दाराशी खुर्ची टाकून बसतेस ना, तशी ती बसलेली असते. कोण कोणाचा, कोणाला आत न्यायचं आणि कोणाला चहावर वाटेला लावायचं, हे सगळे तिला विचारतात. कॉलेजातला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक प्रिंटर, वाचनालयाचं दार, हजेरीचं यंत्र, झाडून सगळे. ती हो म्हणाली तर हो. फरक इतकाच की तू माणूस चालीवरून ओळखतेस, आणि डिरेक्टरीला एक अक्षर इकडचं तिकडे झालं की सख्खा भाऊसुद्धा परका. या डिरेक्टरीचा मी कारभारी. कारभार कसा करायचा हे शिकायला मी कुठे कुठे हिंडलो ते ऐक.

पहिल्यांदा पुस्तक. ग्रंथपालबाईंनी कपाटाच्या वरच्या खणातून काढून दिलं, दोन हातांनी धरावं लागतं एवढं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की ज्यांची या विषयाशी चांगली ओळख आहे त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. ओळख कुठे करून घ्यायची ते मात्र शेवटच्या पानापर्यंत नव्हतं. (शेवटचं पान मी आधी बघितलं.) मी त्यातली तीन प्रकरणं वाचली आणि मला एवढंच कळलं की त्याआधी दुसरं एक पुस्तक वाचायला हवं होतं. हिने ते आता खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून मध्ये लावून ठेवलं आहे. त्या कामाला ते फार उत्तम आहे.

मग व्हिडिओचे धडे लावले. शिकवणारा हसतमुख आहे, आणि काहीही अवघड सांगण्याआधी 'हे अगदी सोपं आहे' म्हणतो, त्यामुळे ते शब्द कानावर आले की मला घाम फुटतो. त्याच्या पडद्यावर जे बटण डावीकडे असतं ते आमच्या पडद्यावर नसतंच. आणि त्याची कंपनी खोटी, सरावापुरती, त्यात कर्मचारी फक्त तीन. तिघेही गुणी. कोणी पासवर्ड विसरत नाही, कोणी रुसत नाही, कोणी 'माझ्या हाताखालच्याला माझ्याआधी प्रिंटर कसा मिळाला' म्हणून विचारायला येत नाही. मी त्या तिघांना इतक्या वेळा बघितलंय की त्यांतल्या हिशेब विभागातल्या मुलीला बढती कधी देणार, याची मला मधूनच काळजी लागते.

इंटरनेटवर प्रश्न विचारायची जागा आहे, तिथे जगातले जाणकार फुकट उत्तरं देतात, असं कोणी तरी सांगितलं म्हणून तिथेही गेलो. मी शब्द शोधून, नम्रपणे, माझी अडचण लिहिली. पहिल्याने उत्तर दिलं की हे आधी विचारून झालं आहे. दुसऱ्याने विचारलं, मुळात तुम्हाला हे करायचंच कशाला? तिसऱ्याने पहिल्या दोघांचं कसं चुकलं ते सांगितलं, आणि ते तिघं आपापसांत जुंपले. अगदी आपल्या घरातल्यासारखं वाटलं. आपल्याकडेही कात्री कुठे आहे असं विचारलं की आत्ता कात्री कशाला हवी, याची चर्चा होते आणि कात्री राहते बाजूला.

एवढ्या हिंडण्यातून मला एकच विद्या नीट आली. व्हिडिओतल्या त्या गृहस्थाने एका धड्यात दाखवलं की एकेका माणसाचं नाव बदलत बसायची गरज नाही, एक ओळ लिहायची आणि एका दमात शेकडो नावं बदलायची. ही ओळ मी पाठ केली. आणि नेमकं त्याच आठवड्यात वरून फर्मान आलं की डिरेक्टरीतली नावं एकसारखी करून घ्या.

आता तू मला सांग आत्या. मी डिरेक्टरी उघडली तर तिथे सगळी नावं उघडीबोडकी. प्राचार्यांचं नुसतं नाव. पदार्थविज्ञानाच्या विभागप्रमुखांचं नुसतं नाव, ज्यांच्यासमोर मी अर्धं आयुष्य खाली मान घालून नळ्या मोजल्या. ग्रंथपालबाईंचंसुद्धा, जणू काही वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलगी. (तुला मी जन्मभर अगं-तुगं करत आलो, पण ती गोष्ट वेगळी, तू घरची.) माझा हात धजेना. मी ती ओळ लिहिली आणि एका झटक्यात सगळ्या सरांच्या नावापुढे 'सर' आणि सगळ्या बाईंच्या नावापुढे 'मॅडम' लावून टाकलं. शिपायांच्या नावापुढे 'मामा' लावलं, कारण त्यांना आम्ही तसंच म्हणतो आणि त्यांनी काय घोडं मारलंय? काम फत्ते झालं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा काही तरी शिकून केल्याचं समाधान घेऊन मी घरी आलो आणि पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं कॉलेज दाराबाहेर. जो तो आपलं नेहमीचं नाव टाईप करतोय आणि डिरेक्टरी म्हणतेय, या नावाचं इथे कोणी नाही. वाचनालयाचं दार उघडेना, हजेरी लागेना, आणि मुख्य म्हणजे परीक्षेचे गुण भरता येईनात. गुण भरायची मुदत शनिवारची. ती चुकली तर निकाल लांबणार, आणि ज्या मुलांना पुढच्या प्रवेशासाठी तो निकाल हवा त्यांचं वर्ष टांगणीला लागणार. माझं जे काही व्हायचं ते होवो, पण प्राचार्य तुझ्या शब्दाबद्दल काय म्हणतील, ही मला खरी धास्ती.

नावं परत होती तशी करावीत, तर लावायची ओळ मला पाठ होती, काढायची ओळ पुढच्या धड्यात होती. ती बघून लिहिली तर भलतंच झालं; ज्यांच्या नावातच ती अक्षरं होती त्यांची नावं मधून कापली गेली. तेव्हा मी हात आवरला आणि एकेकाला फोनवर समजवायला लागलो की काही नाही, फक्त आपल्या नावापुढे 'सर' टाईप करा. आत्या, इथे खरी गंमत झाली. एकही सर तयार होईनात! 'अहो, मी स्वतःला सर कसा म्हणवून घेऊ?' गणिताचे सर तर म्हणाले, 'माझ्या हयातीत मी हे केलं नाही, तुम्ही करा, मी खिडकीकडे बघतो.' मी प्रत्येकाच्या खोलीत जाऊन, प्रत्येकाच्या नावापुढे माझ्या हाताने 'सर' लिहिलं आणि सर लाजून दुसरीकडे बघत राहिले. फक्त एका सरांना काडीचीही अडचण आली नव्हती. ते सकाळीच आले, नेहमीप्रमाणे नाव टाईप केलं आणि कामाला लागले. म्हणजे इतकी वर्षं ते स्वतःला 'सर' लिहीत होते आणि डिरेक्टरी त्यांना आत घेत नव्हती, म्हणून रोज तक्रार करत होते.

पण असं एकेकाला हाताने आत घालून शनिवार गाठता येणार नव्हता. प्रिंटर आणि गुण भरायची यंत्रणा अजून जुनीच नावं मागत होती. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीची मदतीची लाईन असते, तिथे फोन लावला. तासभर बासरी ऐकवून झाल्यावर एक मुलगा आला आणि फार गोड आवाजात म्हणाला, खात्री पटवण्यासाठी नोंदणी केलेल्या माणसाच्या मेलवर एक आकडा पाठवलाय तो सांगा. नोंदणी आमच्या आधीच्या गृहस्थांच्या नावावर. त्यांची मेल मी माझ्या हाताने बंद केलेली. (नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं ताबडतोब बंद करावं, असं पहिल्याच धड्यात होतं. तो धडा मी फार मन लावून केला होता.) मी म्हणालो, मग ते खातं परत चालू कसं करायचं ते तरी सांगा. तो म्हणाला, सांगतो, त्यासाठी आधी तो आकडा लागेल. मी फोन ठेवला.

शेवटी तारलं ते एका छापखान्याच्या वरच्या खोलीने. शहरातले माझ्यासारखेच सर्व्हर सांभाळणारे तिथे आठवड्यातून एकदा जमतात, असं ग्रंथपालबाईंनी सांगितलं. (पुस्तक परत मागायला घरी आल्या होत्या. खिडकी पाहिली आणि पुस्तकाची मुदत स्वतःच वाढवून दिली.) मला वाटलं, तिथे मोठमोठे जाणकार असतील. गेलो तर बँकेचे एक थकलेले गृहस्थ, पाणीपुरवठ्याचे एक त्याहून थकलेले, आणि दवाखान्याच्या एक बाई. दुखवट्याला जमल्यासारखी बसली होती मंडळी. प्रत्येकाने आपण यात कसे आलो ते सांगितलं. बँकेच्या गृहस्थांनी एकदा मॅनेजरचा फोन नीट केला होता. पाणीपुरवठ्याच्या गृहस्थांना मेव्हण्याने ढकललं होतं. मी तुझं नाव सांगितलं तेव्हा सगळ्यांनी समजून मान हलवली. त्या खोलीत मला किती बरं वाटलं ते कसं सांगू? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी 'मला येत नाही' म्हणालो आणि समोरचा 'मलाही नाही' म्हणाला.

दवाखान्याच्या बाईंना मात्र येत होतं. त्यांच्याकडेही कोणी तरी एकदा सगळ्या नावांपुढे 'डॉक्टर' लावून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, डिरेक्टरीत प्रत्येकाची दोन नावं असतात. आत शिरायचं नाव वेगळं आणि मिरवायचं नाव वेगळं. मिरवायच्या नावात हवा तेवढा मान घाला, पण शिरायच्या नावाला हात लावू नका. केवढी साधी गोष्ट! (पुस्तकात होती म्हणे.) बाई शुक्रवारी दवाखाना सुटल्यावर माझ्याबरोबर कॉलेजात आल्या, शेजारी बसून त्यांनी माझ्याकडूनच एकेक ओळ लिहून घेतली, कापलेली नावं जुन्या प्रतीवरून परत आणली, आणि शनिवारी गुण भरून झाले. मुलांचं वर्ष वाचलं. त्या दिवशी मी घरी येऊन बूटही न काढता पलंगावर आडवा झालो.

आता कुणालाही वाटेल, संपलं. पण प्राचार्यांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. म्हणाले, एवढं मोठं संकट या माणसाने निभावलं. मी उठून म्हणालो की सर, संकट मीच आणलं होतं. सगळे हसले आणि टाळ्या वाजल्या. आता वसतिगृहाचा सर्व्हरही माझ्याकडे येतोय, आणि पलीकडच्या इमारतीतला, ज्याला कोणी वाली नाही, तोही. याला आगीतून फुफाट्यात म्हणतात की फुफाट्यातून आगीत, ते तूच ठरव.

असो. फार लिहिलं. गुडघ्याला जप, जिन्याची चढउतार कमी कर, आणि या विषयावरचं एखादं सोपं पुस्तक तुझ्या त्या हुशार माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला माहीत असलं तर कळव, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझा आज्ञाधारक (हीच तर अडचण आहे),
भाचा

ता. क. पुस्तकाचं उगीच लिहिलं. पुस्तक नको. खरं काम असं आहे की महिनाअखेरीला या जागेवर माझी कायम नेमणूक होते आहे. एकदा सही झाली की निवृत्तीपर्यंत सुटका नाही. आत्या, मी थकलो गं. मला माझ्या नळ्या आणि माझी शांतता परत हवी आहे. तू टाकलेला शब्द मी मोडू शकत नाही, पण तू तो परत घेऊ शकतेस. प्राचार्यांना फोन करून सांग की पोराला काही येत नाही, त्याला भांडारात पाठवा. मी सांगून झालंय, मला विनयशील म्हणतात. तू चांगल्या हेतूने केलंस हे कळतं, पण आता भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली आहे. रागावू नकोस.

ता. क. (दुसरा) हिने पत्र वाचलं. ती म्हणते, एवढ्या लांब पत्रात तिच्याबद्दल एक खिडकी सोडून काही नाही. तिचा तुला नमस्कार.

ता. क. (तिसरा) पाकीट चिकटवलं होतं, ते परत फोडलं. आज प्राचार्यांनी नेमणुकीच्या कागदासाठी बोलावलं होतं. मी मनाचा हिय्या करून म्हणालो, 'सर, आत्याने शब्द टाकला म्हणून तुम्ही मला घेतलंत, पण तिला माझ्याबद्दल फार मोठा गैरसमज आहे.' ते म्हणाले, 'शब्द? अहो, बाई मला फोनवर म्हणाल्या की त्याला हे काम अजिबात देऊ नका. तो कोणाला नाही म्हणायचा नाही आणि झुरत बसेल. भांडारात सुखी आहे, तिथेच राहू द्या. मी तेव्हाच ओळखलं! घरच्या माणसाचं कौतुक बाई स्वतःच्या तोंडाने कशा करणार? तुमचं नाव मी त्याच क्षणी पक्कं केलं.'

इतके महिने मी तुझ्यावर मनातल्या मनात चिडत होतो, आणि तू माझ्यासाठी तेवढं एक करून गप्प बसली होतीस. या जगात मला पुरतं ओळखणारं एकच माणूस आहे आणि त्याचं कोणी ऐकत नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते प्राचार्यांना कृतज्ञतेचं वाटलं.

तेव्हा पहिल्या ता. क. मधली विनंती रद्द समज. आता असं कर. प्राचार्यांना परत फोन कर आणि माझी तोंडभर स्तुती कर. असा बुद्धिमान मुलगा आपल्या सात पिढ्यांत झाला नाही म्हण. सर्व्हर त्याच्या हातचा मळ आहे म्हण. तुझ्या तोंडून घरच्या माणसाची स्तुती ऐकली की त्यांना नक्की वाटेल, यात काही तरी काळंबेरं आहे, आणि ते मला सोडतील. तुला जड जाईल, हे मला ठाऊक आहे, जन्मात कधी केलेली नाहीस. पण मनावर दगड ठेवून एकदा कर. आणि फोन करायच्या आधी मला कळव, म्हणजे मी त्यांच्या खोलीत काही तरी काम काढून उभा राहीन आणि फोन स्पीकरवर टाकून देईन. तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं आहे. खोटं असलं तरी चालेल.